इंजिनाचं तेरावं आणि बारसं

आमच्या मोटारीचं इंजिन मेलं तेव्हा मी त्याला वाजतगाजत निरोप दिला आणि पुढे त्याचं तेरावंही घातलं. जव्हारच्या बाजारातल्या निम्म्या लोकांनी त्या तेराव्याचे लाडू खाल्ले आहेत, त्यामुळे इथे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. अजूनही एखादा म्हातारा दुकानदार मला रस्त्यात अडवून विचारतो, "काय हो, मयताची तब्येत कशी आहे?" मी हसतो. वेळ मारून नेण्याच्या हसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण कान गरम होतात ते होतातच, आणि ते झाकायला मी उन्हाळ्यातसुद्धा फेटा जरा खाली ओढतो.

मोटार म्हणजे एक जुनी लॉरी. मुंबईत कोणीतरी वापरून वापरून टाकलेली मी घेतली आणि तिच्यावर सुताराकडून सागवानी डबा बसवून घेतला. दोन्ही बाजूंना बाकं, वर ताडपत्री, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक बरी जागा. ती जागा संस्थानच्या कारभारातल्या मंडळींसाठी राखीव होती, आणि ती मंडळी नसली की माझ्यासाठी. जव्हारहून एकदा मोखाड्याला जायचं, एकदा खाली डहाणूच्या स्टेशनाला. गाडी ड्रायव्हर चालवायचा. मी शेजारी बसून सगळ्या वाटभर बोलत असे. उतारू म्हणत की ही गाडी पेट्रोलवर चालत नाही, ह्याच्या तोंडावर चालते.

घरात आम्ही तिघं. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून, कमी बोलणारे आणि शास्त्राला धरून चालणारे. माझं लग्न व्हायचं होतं. आई मी रांगत होतो तेव्हाच गेली आणि मला वाढवलं आत्यानं, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीनं. आत्याचे यजमान लढाईच्या दिवसांत फौजेच्या खेचरांबरोबर हिशेबनीस म्हणून बसऱ्याला गेले. पोचल्याचं पत्र आलं. मग काही नाही. लढाई संपली, माणसं परतली, काहींच्या मरणाची खबर आली. आमच्या आतोबांची ना ही बातमी ना ती. आत्या कुंकू लावत राहिली. त्यांचं नाव ती अर्थातच कधी घेत नसे, "आमच्याकडचे" म्हणायची. "आमच्याकडच्यांना कारल्याची भाजी आवडत नाही," असं म्हणायची. आवडत नव्हती, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, अशी आपल्याकडची रीत. बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा आणि देठांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, पुढचे दिवस घालायचे आणि बायकोनं कुंकू पुसून बांगड्या फोडायच्या. ती बारा वर्षं त्या उन्हाळ्यात भरली. वडील दुष्ट नव्हते. मेहुण्याचा आत्मा कुठेतरी वाळवंटात पाण्यावाचून फिरतो आहे, असं त्यांना मनापासून वाटे. एकदा जेवताना ते म्हणाले, "येत्या सर्वपित्रीला उरकून घेऊ."

आत्या वाढत होती. "तुम्ही म्हणाल तसं, दादा," म्हणाली, आणि माझ्या पानात आमटी वाढायची विसरून भातावर ताक घालून गेली.

त्याच महिन्यात इंजिन गेलं. मोखाड्याहून परत येताना चढणीवर आधी ते खोकलं, मग आतून लोखंडानं लोखंड चावल्यासारखा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. ड्रायव्हर खाली उतरला, हँडल फिरवून पाहिलं, ते हलेना.

"अडकलं?" मी विचारलं.

"अडकलं नाही. गेलं," तो म्हणाला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. टोपी त्यानं घाम पुसायला काढली होती. पण माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं. पुढचं सगळं नाटक मला तिथल्या तिथे सुचलं.

मी मुंबईला गेलो. तिथे जुन्या मोटारींच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे एक सोयीची पद्धत होती. आपलं मोडकं इंजिन त्याच्याकडे पाठवायचं, वर काही रक्कम द्यायची, आणि तो त्याच बनावटीचं दुसरं इंजिन, आतून तासलेलं, नवे पिस्टन घातलेलं, बाहेरून रंगवलेलं, लाकडी पेटीत बंद करून रेल्वेनं पाठवायचा. त्याच्या अंगणात त्या बनावटीची इंजिनं भोपळ्यांसारखी पडली होती. मी जव्हारला येऊन सांगितलं की विलायतेहून पेटीबंद इंजिन येतं आहे. विलायत हा शब्द माझा. व्यापाऱ्यानं तो उच्चारलासुद्धा नव्हता.

जुनं इंजिन बैलगाडीतून स्टेशनावर जायचं होतं. ते ओसरीसमोर गोणपाटावर काढून ठेवलं होतं, काळं, तेलकट, आणि पोटावर तांब्याचं ठिगळ. त्या ठिगळाची हकिकत आधी सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी इंजिनाच्या पाण्याच्या भागाला चीर गेली होती. लोहार म्हणाला, जाड तांब्याचा पत्रा द्या, शेंदूर-तेलाचा लेप देऊन स्क्रूनं आवळून बसवतो. आत्यानं माळ्यावरचं एक भोक पडलेलं घंगाळ काढून दिलं. ते आतोबांच्या आंघोळीचं. भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत, तसं त्याच्यावर आतोबांचं नाव कोरलेलं. लोहारानं पत्रा कापला त्यात नावाची पहिली दोन अक्षरं आली, आणि ती त्यानं बाहेरच्या बाजूला ठेवून ठिगळ बसवलं. तेव्हा मी काय म्हटलं असेल? "आत्या, आतोबा आमच्या गाडीला लागले गं. आता रोज मोखाड्याला जातील आणि रोज घरी येतील." आत्या हसली होती. मला वाटलं, विनोदाला हसली.

तर निरोपाच्या दिवशी मी आत्याकडे गेलो आणि एक जुनं लुगडं आणि काचेच्या बांगड्या मागितल्या.

"कशाला रे?"

"नाटकाला."

गणपतीच्या नाटकांत मी बायकांची कामं करत असे, तिला ते नवं नव्हतं. तिनं पेटीतून लुगडं काढलं. बांगड्या पेटीत नव्हत्या. क्षणभर थांबून तिनं हातातल्याच चार उतरवून दिल्या. "दोन-दोन राहिल्यात, चालतील," म्हणाली.

मी ते लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून इंजिनाची विधवा झालो. बाजार लोटला होता. मी इंजिनाच्या अंगावर पडून रडलो, "आता मला मोखाड्याला कोण नेईल हो," म्हणून ऊर बडवला. मडक्याला भोक पाडून खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. आणि शेवटी कुंकू पुसलं, दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून. ड्रायव्हरसुद्धा चाकावर टेकून हसत होता. मग त्यानं एकाएकी हसणं थांबवलं आणि माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी वळलो. आत्या उंबऱ्यात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "काच लागली नाही ना रे हाताला?"

लागली होती. मी लागली नाही म्हणालो.

इथे शहाणा माणूस थांबला असता. माझ्या मागे मात्र लोक लागले, तेराव्याचं काय? आणि लोक मागे लागले की मला नाही म्हणता येत नाही. तेरावं झालं. लाडू आत्यानं वळले. मी वळवून घेतले, असं म्हणायला हवं. कचेरीतून आलेले वडील ओसरीवरची पंगत बघून न जेवता आत गेले आणि आतून म्हणाले, "ह्या घरात एक खरं व्हायचं आहे. खोट्याची एवढी घाई कशाला?"

मग पावसाळा लागला. रस्ता बंद. चार महिने लॉरी अंगणात पोट उघडी टाकून उभी होती आणि तिच्या आत कोंबड्या अंडी घालत होत्या. ह्या चार महिन्यांत आत्या जरा जास्तच कामं करू लागली. घासलेली भांडी पुन्हा घासायची. मला वाटे, मी काही बोलावं. बोलणं हा तर माझा धंदा. पण तिच्यासमोर तोंड उघडलं की काहीतरी गमतीचंच बाहेर येई, आणि ते अर्ध्यावर गिळून मी बाहेर जाई.

भाद्रपदात ऊन पडलं, रस्ता वाळला आणि स्टेशनावर पेटी आल्याची खबर आली. साखरशेतच्या एका गाडीवानाला सांगितलं होतं. घाट चढून तो दुपारी अंगणात आला. बैलांच्या तोंडाला फेस होता.

"जाम जड हाय, शेट," तो म्हणाला. "काय मेलेलं आणलंस काय?"

"मेलेलं पाठवलं, बाबा. हे जिवंत आलंय. विलायतेहून."

"मंग हे कोणासाठी?" त्यानं पेटीच्या मागून पळसाच्या ओल्या पानांचा मोठा भारा ओढून काढला. "मोठ्या मालकांनी सांगतलेलं. देठासकट पायजेत, चांगली रुंद पायजेत म्हणाले. पत्रावळी लावताव काय?"

आत्या पुढे झाली, तिनं भारा उचलला, त्यावर पाणी शिंपडलं आणि पडवीत सावलीला नेऊन ठेवला. पानं वाळू नयेत म्हणून. स्वतःच्या कुंकवाच्या मरणाची पानं ती भाजीसारखी जपत होती, आणि मी पेटीभोवती फुलांची माळ बांधत होतो.

पेटी मी नारळ फोडून उघडली. आत गवत, मेणकापड, आणि त्यातून निघालं हिरव्यागार रंगाचं इंजिन. असं चकचकीत की बघ्यांना त्यात आपापली तोंडं दिसत होती. मी छोटंसं भाषण केलं. जुन्याची निंदा केली, नव्याचं कुळ सांगितलं. जुनं कसं रडकं, दमेकरी, गावंढळ, आणि हे कसं खानदानी. ड्रायव्हरनं मध्येच इंजिनाच्या पोटावरून बोट फिरवलं आणि "इथे रंग जाड बसलाय," असं म्हणाला. मी त्याला गप्प केलं.

सर्वपित्री दोन दिवसांवर आली तेव्हा इंजिन गाडीत बसलं. वडील रजेवर होते. भटजींना निरोप गेला होता. अंगणाच्या एका कडेला वडील पाटावर बसून पळसाचे देठ वेगळे करत होते आणि दुसऱ्या कडेला आम्ही गाडी सुरू करत होतो. एवढंसं अंगण. मला त्यांच्याकडे पाठ करून उभं राहावं लागलं.

ड्रायव्हरनं हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आणि काय लागलं. गुरगुरत, एकसारखं, खोकल्याचा मागमूस नाही. कुंपणावर लोक चढले होते. "शाबास रे विलायत," कोणीतरी ओरडलं. मी बॉनेट उघडं ठेवून वाकून वाकून नमस्कार केले. इंजिन तापलं. नव्या रंगाचा वास सुटला, रंगाला फोड आले आणि पोटावरचा तो जाड थर सुरकुतून पापडासारखा सुटून खाली पडला.

खाली तांबं होतं.

लोकांना लांबून काही दिसलं नाही. ड्रायव्हरला दिसलं, मला दिसलं. मी चटकन बॉनेट पाडायला हात घातला. पण पाण्याची कळशी घेऊन आत्या शेजारीच उभी होती. आत्याला वाचता येत नव्हतं. ती दोन अक्षरं मात्र तिनं रोज सकाळी चिंचेनं घासली होती.

"थांब," ती म्हणाली. मग हळू, "हे आपलं आहे."

"आत्या, त्या बनावटीची सगळी अशीच..."

"माझं घंगाळ मला कळत नाही?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, त्यामुळे तिचं पुढचं वाक्य सगळ्या अंगणानं ऐकलं. "ज्याचं तेरावं घातलंस, तेच परत आलंय."

मला वाटतं, कुंपण मोडेल इतके लोक हसले. हसण्यासारखंच होतं. देऊन टाकलेलं इंजिन दुरुस्त होऊन, रंग लावून, पुन्हा माझ्याच गळ्यात आलं होतं, आणि मी त्याच्यासमोरच त्याची निंदा करून त्याचं विलायती कुळ सांगितलं होतं. व्यापाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याच्याकडे जे तयार होतं ते त्यानं पाठवलं, आणि ते उत्तम चालत होतं. साखरशेतचा गाडीवान भाड्याचे पैसे न्यायला बायकोला घेऊन आला होता, तो बैल सोडून मुद्दाम जवळ आला, आत डोकावला आणि म्हणाला, "शेट, लाडू परत द्यावं लागतील काय आम्हाला?"

एरवी अशा वेळी माझ्याकडे उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी गाडीच्या मडगार्डवर बसलो आणि पायांकडे पाहत राहिलो.

वडील पाटावरून उठून आले. हातात पळसाचा देठ तसाच. त्यांनी ठिगळ पाहिलं, वाचलं. मग सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तेरावं घातलंस ना हौसेनं? मग आता बारसं घाल. ज्याचे दिवस घातले तो परत आला, तर त्याला नव्यानं जन्मला असं धरून जातकर्म करावं लागतं, नाव ठेवावं लागतं. शास्त्र आहे. बघू दे लोकांना तेही."

मला लाजवायलाच ते बोलले होते, आणि मी लाजलोही. पण आत्यानं कळशी खाली ठेवली.

"दादा, हे खरंच शास्त्रात आहे?"

"म्हणजे काय. उगाच सांगेन का मी?"

"माणसांसाठी सांगितलंय?"

"माणसांसाठीच सांगितलंय. ह्या डबड्यासाठी कशाला सांगतील?"

"म्हणजे पानांचा माणूस जाळल्यावरही माणूस परत येतो, हे शास्त्राला ठाऊक आहे."

वडील हातातला देठ सोलू लागले.

"आले आणि त्यांनी मला कुंकवावाचून पाहिलं," आत्यानं कपाळाकडे बोटही नेलं नाही, नुसती मान हलवली, "तर त्यांचं बारसं तुम्ही कराल. माझं काय कराल, दादा? ह्यानं बांगड्या फोडल्या तेव्हा मी दारात उभी होते. कशा दिसतात फुटताना, ते पाहून घेतलं मी. मला नको ते."

कुंपणावरचे लोक एकेक करून खाली उतरले आणि काही काम आठवल्यासारखे निघून गेले. गाडीवान बैलांना पाणी पाजायला गेला. वडिलांनी त्या दोन अक्षरांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी हातातला देठ भाऱ्यावर टाकला आणि म्हणाले, "भटजींना सांगून ये. सर्वपित्रीला नेहमीचं श्राद्ध तेवढं. दुसरं काही नाही."

मी उठलो. आत्याजवळून जाताना काहीतरी बोलायला हवं होतं, क्षमा माग म्हणत होतं मन. तोंडातून निघालं, "आत्या, बांगड्या आणून देतो तुला." ती म्हणाली, "कासारीण येते माझी. तू भटजींकडे जा."

परत आलो तेव्हा ती आणि गाडीवानाची म्हातारी बायको पडवीत बसून पळसाची पानं चोयांनी टाचत होत्या. "एवढी चांगली पानं," आत्या म्हणाली. "पत्रावळी होतील. बारशाला लागतील ना." तिला वाटलं असेल मी हसेन. मी खाली बसलो आणि पानं पुसून देऊ लागलो.

पितृपक्षात बारसं होत नाही म्हणून घटस्थापनेनंतर केलं. वडिलांनी सांगितलं होतं, त्यामुळे टाळायची सोय नव्हती. लोक पुन्हा आले, तेराव्याला आले होते तेच सगळे. ह्या वेळी मी कुठलंही लुगडं नेसलो नाही, भाषण केलं नाही, धुतलेला सदरा घालून यजमान म्हणून एका बाजूला उभा राहिलो. त्यामुळे मी आजारी आहे की काय, अशी चौकशी दोघा-तिघांनी केली. इंजिनाला तूप लावलं, हळदकुंकू वाहिलं. पेटीच्या फळ्यांवर सुंठवडा ठेवला.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. मुलाच्या बापाच्या बहिणीचा. मला बहीण नव्हती. आत्या म्हणाली, "मी ह्याची आत्या आहे, तर ह्याच्या गाडीचीही होईन." तिच्या हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या. ती उघड्या बॉनेटखाली वाकली, तोंड अगदी आत नेलं, त्या तांब्याच्या ठिगळाजवळ. शेजारणी कुर्र करून तिच्या पाठीवर धपाटे घालू लागल्या, रीतीप्रमाणे, आणि रीतीपेक्षा जरा जोरात. त्या गडबडीत तिनं नाव सांगितलं. तिचे ओठ हलताना मी पाहिले. ऐकू कोणालाच आलं नाही.

"आत्याबाई, काय ठेवलंत?" ड्रायव्हरनं विचारलं. "पाटीवर लिहायला पाहिजे."

ती सरळ उभी राहिली. तोंड लाल झालं होतं, धपाट्यांनी की कशानं, कळलं नाही. "पाटी राहू दे कोरी," ती म्हणाली.

ती लॉरी पुढे पुष्कळ वर्षं चालली. कपाळावरची पाटी शेवटपर्यंत कोरी होती. मोखाड्याच्या थांब्यावर नवे उतारू विचारायचे, सगळ्या गाड्यांना नाव असतं, तुमच्या गाडीचं काय? वाटभर बोलणारा मी तेवढ्यापुरता गप्प बसे आणि फेटा खाली ओढी. पुढची ती बरी जागा राखीवच राहिली. कारभारी मंडळी नसली तरी मी तिथे बसत नसे. असल्या दिवशी आत्या त्या जागेवर बसून डहाणूच्या स्टेशनावर यायची, आगगाडीतून कोण उतरतं ते बघायला.